खोटा दरोडा

आमच्या हडपसरच्या बँकेचे रखवालदार इतके हळू बोलत, की जवळ कुणी झोपलंय असं वाटावं. एका रविवारी बँकेत केबलच्या नव्या वाहिनीसाठी दरोड्याच्या चित्रपटाचं शूटिंग झालं. त्यांना रखवालदाराचंच काम मिळालं. मीही बघायला गेले होते. धुरातून दरोडेखोर आले की रखवालदारांनी हात वर करून बाजूला व्हायचं होतं. पण दरवेळी ते तरंगत चालल्यासारखे कॅशियर झालेल्या मुलीपुढे जाऊन उभे राहत.

चौथ्यांदा दिग्दर्शक वैतागला. "अहो काका, बंदूक खोटी आहे!"

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण मुलगी खरीच घाबरलीय हो."

दिग्दर्शकानं पाहिलं. ती नोटांचा गठ्ठा छातीशी धरून भिंतीपर्यंत मागे सरकली होती.

त्यानं प्रसंगच बदलला. टीव्हीवर ते धुरातून संथपणे तिच्यापुढे आले, तेव्हा घरात बसून मी श्वास रोखला होता.