हुडकची नगमा

अमरावतीत राजापेठेच्या आतल्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे इंटरनेटवर मराठीतून शोध घेऊन देणारी कंपनी चालते, हे त्या शिंप्यालाही धड ठाऊक नव्हतं. वर कॉम्प्युटरचा क्लास आहे, अशीच त्याची समजूत. कंपनीचं नाव ‘हुडक’. ती काढली होती अश्विन वानखडेनं. पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून तो गावी परतला, याचा त्याच्या वडिलांना, किसनरावांना मनातून राग होता. पोस्टातून निवृत्त झालेला तो अबोल माणूस. पण भारनियमनानं मशिनं बंद पडतात हे कळल्यावर त्यांनी घरचा इन्व्हर्टर रिक्षात घालून मुकाट्यानं आणून दिला.

या हुडकमध्ये नगमा मन्सुरी शब्दांचं काम करायची.

नगमा पातूरची. घरचा धंदा कापूस पिंजून गाद्या भरायचा. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन भाषांत ती वाढली आणि तिन्हींत तिला घरच्यासारखं वाटे. अकोल्याला बी.ए.ला तिनं मराठी घेतलं तेव्हा नात्यातले लोक हसले. अब्बा एवढंच म्हणाले, “पढने दो, कापूस तो वैसे भी कोई पिंजवाता नहीं अब.”

अश्विननं तिला काम समजावून सांगितलं ते फार साध्या शब्दांत. मशीन मूर्ख आहे. लोक इंग्रजी अक्षरांत, जमेल तशी, बोलतात तशी मराठी लिहितात. कोण ‘कापूस’ लिहितं, कोण ‘कपाशी’, आपल्याकडचे ‘पऱ्हाटी’. तिन्ही एकच आहेत हे मशिनला कोणीतरी सांगायला पाहिजे. “ते तू सांगजो,” तो म्हणाला.

ती सांगू लागली. दिवसभर तिच्यासमोर लोकांनी विचारलेलं सरकत जाई. नावं नाहीत, चेहरे नाहीत, फक्त प्रश्न आणि तो कोणत्या गावाकडून आला ते. दहावीचा निकाल, मुलीचं नाव काय ठेवावं, म्हशीनं दूध काढू दिलं नाही तर काय करावं. तिला ते आवडे. भिंतीला कान लावून सगळ्या जिल्ह्याचं बोलणं ऐकल्यासारखं वाटे, आणि त्यात चोरटेपणाही वाटत नसे, कारण विचारणाऱ्याला उत्तर मिळावं म्हणूनच ती ऐकत होती.

पहिल्याच पावसाळ्याच्या अखेरीस तिला एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसू लागला. ‘औषध लागलं, काय करावं.’ तिवशाकडून, नांदगाव खंडेश्वरकडून, कधी अकोल्याच्या बाजूनं. हुडक या प्रश्नाला औषधांच्या दुकानांचे पत्ते दाखवत होतं. मशिनच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण वऱ्हाडात पिकावर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. ते अंगावर सांडलं, नाकातोंडात गेलं, माणूस घेरी येऊन पडला, की त्याला ‘औषध लागलं’. म्हणजे तिकडे कुठल्यातरी नेट कॅफेत कोणीतरी घाबरून विचारत होतं आणि त्याला खोकल्याच्या गोळ्या कुठे मिळतील ते कळत होतं.

नगमानं ते अश्विनला दाखवलं. त्यानं तसे चारपाच प्रश्न उघडून वाचले. मग म्हणाला, “चाल, दवाखान्यात जाऊ.”

सरकारी दवाखान्यात सुभद्रा सिस्टर भेटल्या. फवारणीच्या दिवसांत असे रोगी त्यांच्या वॉर्डात खाली गाद्या टाकून ठेवावे लागत. त्या म्हणाल्या, अर्धे लोक इथे येईपर्यंत घरीच बिघडलेले असतात. कोणी दूध पाजतं, कोणी तूप, कोणी बोटं घालून उलटी काढतं. अंगावरचे भिजलेले कपडे मात्र तसेच. त्यांनी सांगितलेलं नगमानं वऱ्हाडीत लिहून काढलं. आधी कपडे काढा. साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा. दूध, तूप पाजू नका, उलटी काढू नका. औषधाचा डबा सोबत घ्या आणि थांबू नका, दवाखान्यात या. दुसऱ्या दिवसापासून ‘औषध लागलं’ विचारलं की हे पान सगळ्यात वर येऊ लागलं.

काही दिवसांनी ऑफिसात फोन आला. तिवशाला नेट कॅफे चालवणारा कुर्बान शेख बोलत होता. ते पान कोणी लिहिलं, हे त्याला विचारायचं होतं. त्याच्या दुकानासमोरच फवाऱ्याची औषधं विकणारं कृषी केंद्र होतं. कोणाला काही झालं की लोक त्याच्याकडेच धावत येत. “आपने लिखा क्या बाजी?” त्यानं नगमाला विचारलं. “दो आदमी घर चले गए उसके वजह से. चलते हुए.” फोन ठेवल्यावर नगमा गच्चीवर जाऊन एकटीच उभी राहिली. पुढे सगळं बिनसल्यावरही त्या गच्चीवरच्या घटकेची आठवण ती कोणाजवळ बोलली नाही.

चांगलं काम आणि चालणारी कंपनी यांचा काही संबंध नसतो, हे अश्विनला हळूहळू कळत गेलं. मराठीतून शोधणाऱ्यांना दाखवायला जाहिराती कोण देणार? मंगल कार्यालयं आणि शिकवणी वर्ग. वीज जायची ती अर्धा अर्धा दिवस यायची नाही. दोन इंजिनिअर हैदराबादला निघून गेले, तिसऱ्यानं लग्न ठरल्याचं सांगून रजा घेतली तो परत आलाच नाही. अश्विननं दाढी करणं सोडलं. तेवढ्यात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं हुडक विकत घ्यायची तयारी दाखवली.

मुंबईहून हुडकचं काम बघायला नीलम नावाची बाई आली होती. नगमापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, शांत, कोणाचं बोलणं न तोडणारी. नगमानं तिला ‘औषध लागलं’चं पान दाखवलं आणि ते कसं झालं ते सांगितलं. नीलमनं पूर्ण वाचलं.

“महिन्याला किती जण बघतात हे?”

“एरवी कोणीच नाही,” नगमा म्हणाली. “फवारणीच्या दिवसांत बघतात. तेव्हाही फार नाही.”

“आमच्याकडे सगळ्या भाषांची मिळून एकच यंत्रणा आहे. हातानं लिहिलेलं पान तिच्यात बसवता येत नाही.” तिनं वही काढली. “पण मी विचारते. नक्की विचारते.”

“दिवाळीपर्यंत तरी राहू द्या. मॅडम, या साली कपाशीवर पिठ्या ढेकूण ही नवी कीड आली आहे. लोक दोन दोन औषधं एकात कालवून मारत आहेत.”

नीलमनं ते लिहून घेतलं. नगमाला ती खोटी वाटली नाही. आजही वाटत नाही.

सह्या झाल्या त्या दिवशी अश्विननं पेढे आणले. किसनराव जिना चढून आले, मुलाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बसले. शिंप्यालाही वर बोलावलं. मुंबईच्या कंपनीला अश्विन हवा होता आणि हुडकनं जमवलेले शब्द हवे होते. शब्द जमवणारी माणसं नको होती. निघताना अश्विन नगमाला म्हणाला, “मी आतमंदी असलो म्हंजे पान वाचवता येईन मले. बाहेर राहून काय करीन?” त्याचा त्यावर विश्वास होता. तिनंही ठेवला.

पोळा झाला. गणपती बसले. तिचा हिशेब करून देण्याचं ठरलं होतं त्या दुपारी नगमा खोलीतलं सामान बांधत होती, आणि मोबाइल वाजला. कुर्बान.

“बाजी, वो पन्ना नहीं दिखरा.”

“कौनसा?”

“औषधवाला. मुंबईवाली कंपनी का आरा सामने. मेडिकल की दुकानें दिखारा.” त्याच्यामागे गलका ऐकू येत होता, एक बाई रडत होती. “आदमी पडा है यहाँ बाकडे पे. फेस आरा मुँह से. दूध पिलाए इन लोगोंने.”

 पान नगमाला पाठ होतं. ती एकेक वाक्य सांगू लागली, आणि कुर्बान ते बाहेरच्यांना ओरडून सांगू लागला. “कपडे काढा त्याचे, सारे काढा. साबन आना. पानी वता, आनखी वता. आता काही पाजू नोका त्याले. डबा कुठी हाय औषधाचा? तो घ्या संग.” जीप सुरू झाल्याचा आवाज तिला फोनमध्ये ऐकू आला. मग फोन बंद झाला.

तिनं सामान तसंच टाकलं आणि दवाखाना गाठला. सुभद्रा सिस्टरांना सांगून ती दाराशी उभी राहिली. जीप आली. माणसाचं नाव सहदेव. दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारायला जायचा. पंप पाठीवर गळत होता, सकाळपासून त्याची पाठ भिजलेली होती. बायको कौशल्या त्याचे पाय धरून जीपमध्ये बसली होती. पाय सोडायला तिला दोनदा सांगावं लागलं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. वॉर्डाबाहेरच्या ओट्यावर नगमा कौशल्याजवळ बसून राहिली. तिला चहा आणून दिला, तो तिनं घेतला नाही. संध्याकाळपर्यंत कौशल्याचा हात नगमाच्या हातात होता. कोणाचा हात धरला आहे, याची तिला शुद्ध नसावी.

दिवे लागल्यावर तिनं पहिल्यांदा नगमाकडे नीट पाहिलं. “तू कोन हायेस माय? सरकारी बाई हाय काय?”

“नाही ताई. मी कंपनीत होती.”

“कोन्या कंपनीत?”

शोध घेणारी कंपनी, मराठीतून, इंटरनेटवर, ती आता दुसऱ्या कंपनीनं घेतली. हे त्या ओट्यावर कसं सांगायचं ते नगमाला सुचेना. ती म्हणाली, “ते औषधाचं... औषध लागलं का काय करायचं ते सांगाची कंपनी.”

कौशल्याला त्यातला एकच शब्द ऐकू गेला. तिनं हात काढून घेतला. “औषधाच्या कंपनीची हायेस तू.” ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही. पदर आवरला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.  खरं काय ते आत्ता सांगून कोणाचं काय बरं होणार होतं?

सहदेव दुसऱ्या दिवशी गेला.

नगमानं डॉक्टरांना विचारलं, अंग आधी धुतलं असतं, दूध पाजलं नसतं, तर? तरुण डॉक्टर, डोळे तारवटलेले. तो म्हणाला, “कदाचित वाचला असता. कदाचित नसताही. दिवसभर भिजलेला होता तो.” तिला हो किंवा नाही यांतलं एक हवं होतं. ते कधीच मिळालं नाही.

अश्विन मुंबईहून तातडीनं आला. रिकाम्या खोलीत जमिनीवरच बसला. यंत्रणा ठरल्यापेक्षा लवकर बदलली, असं त्यानं सांगितलं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. नीलमनं विचारलं होतं. तिची विनंती कोणाच्यातरी पुढ्यात पडून होती, अजूनही होती.

“तुमी आतमंदी होते ना भाऊ?” नगमा म्हणाली.

“होतो.”

“मंग?”

“आत गेल्यावर समजलं, त्याच्याही आत आनखी एक खोली असते.” त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. मग म्हणाला, “तुले तिकडे घेतो मी. मराठीचं काम निघन. येशीन?”

“नाही,” ती म्हणाली. पुढे पुष्कळ दिवस तिला वाटे, जावं लागेल. घरी अब्बांचा धंदा बसलेलाच होता. पण ती गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात अश्विननंही ती नोकरी सोडली. किसनरावांनी त्याला काही विचारलं नाही.

कुर्बाननं त्या पानावरचा सगळा मजकूर मोठ्या कापडी फलकावर रंगवून कॅफेच्या भिंतीवर लावला. समोरच्या कृषी केंद्रवाल्यानं येऊन सांगितलं, गिऱ्हाईक बिचकतं, काढून टाक. कुर्बाननं काढलं नाही. एका सकाळी फलक फाडलेला सापडला. त्यानं दुसरा लावला. तोही गेला.

कापूस वेचणीच्या दिवसांत नगमा तिवशाला गेली. कुर्बाननं तिला वावर दाखवलं आणि तो बांधावरच थांबला. कौशल्या कमरेला ओटी बांधून वेचत होती. सहदेव ज्याच्याकडे फवारायला जायचा, त्याच मालकाचं हे वावर होतं.

नगमानं या वेळी सगळं सांगितलं. पान, कंपनी, मुंबईची बाई, सगळं. सावकाश, वऱ्हाडीत. कौशल्या वेचत राहिली आणि ऐकत राहिली. कपाशीची ओळ संपली तेव्हा वळून दुसऱ्या ओळीला लागली. नगमा सोबत चालत होती.

“मंजे फोनवर तूच सांगत होती,” कौशल्या शेवटी म्हणाली.

“हो.”

“साबन मीच लावला त्याले. त्या दुकानासमोर. सारे लोक पाहत होते.” तिनं पुढचं बोंड वेचलं. “मी समजली तू फवाऱ्यावाल्याइची हाय. म्हनून बोलली नाही तुह्यासंग.”

“मालूम हाय मले.”

“आता समजलं. पन आताही काय बोलू बाई?”

 नगमा ओणवी झाली आणि बोंडातला कापूस काढून कौशल्याच्या ओटीत टाकू लागली. बोटांना पऱ्हाटीची टोकं लागत होती. पाठीत कळ येईपर्यंत दोघी वेचत राहिल्या. मग कौशल्या म्हणाली, “जाय आता, तुही बस जाईन.”

त्या हिवाळ्यात नगमाला अकोल्याच्या उर्दू शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली. ती अजून तिथेच आहे. शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली तेव्हा ती सांभाळायला मुख्याध्यापकांनी सगळ्यात आधी तिला विचारलं. मला त्यातलं काही येत नाही, असं तिनं सांगितलं.