त्यांच्या कानात माझा आवाज

शेजारचे गृहस्थ टीव्हीवर मेले तेव्हा मी इस्त्री करत होते. कुठलीशी जुनी हेरगिरीची मालिका पुन्हा लागली होती. अमेरिकेचा राजदूत गाडीचं दार उघडतो आणि गाडी उडते. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून मी इस्त्री उभी करून ठेवली आणि बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच राजदूत ड्रेसिंग गाऊन घालून कौन्सिलचा कचऱ्याचा बिन फुटपाथवर ओढत होता.

"काल तुम्हाला टीव्हीवर पाहिलं," मी म्हटलं.

"कसा मेलो?" त्यांनी विचारलं.

गाडीत, असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. ते काम सोपं होतं म्हणाले. स्फोटाच्या वेळी गाडीत बाहुला ठेवला होता आणि ते चहाच्या वेळेला घरी पोचले होते.

आम्ही लंडनच्या कडेला, पिनरला, तेव्हा नुकतेच राहायला आलो होतो. नवरा वॉटफर्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत, मी लंडनमध्ये एका बँकेसाठी टेस्टिंग करायचे, मुलगी प्रायमरीत. आमच्या आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच. ते एकटे राहायचे. बायको इंग्रज, नाटकांचे कपडे शिवणारी. आम्ही येण्याआधीच ती कॅन्सरने गेली होती. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, आणि इथे म्हाताऱ्या माणसालाही सगळे नावानेच हाक मारतात. मीही मारायचे. पण मनात ते माझ्यासाठी पहिल्यापासून 'तुम्ही'च होते.

बँकेने आमची सगळी टीम कामावरून कमी केली त्या वर्षी आमची खरी ओळख झाली. सकाळभर अर्ज पाठवायचे, आलेले नकार वाचायचे आणि दुपारी त्यांच्याकडे कॉफीला जायचं, असा माझा दिवस झाला. स्वतःबद्दल ते आपणहून फारसं बोलत नसत. विचारलं की सांगत.

पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या कारखान्याच्या गावात त्यांचा जन्म. वडील भट्टीवर. चर्चच्या नाटकात मुलगा राजा झाला ते वडिलांना चाललं, पण शाळेच्या नाटकात तो नाचला तेव्हा त्यांनी पट्ट्याने फोडून काढला. शाळा संपल्यावर हे बसमध्ये बसले आणि न्यूयॉर्कला गेले. हॉटेलात भांडी घासली, थिएटरात जिने झाडले, आणि मग एका छोट्या नाटकात त्यांना तुरुंगातून सुटून आईकडे परत आलेल्या तरुणाचं काम मिळालं. त्या नाटकाने त्यांचं नाव झालं. लोक थंडीत रांगा लावून उभे राहायचे. त्यावर चित्रपट निघाला तेव्हा ते काम एका मोठ्या स्टारला गेलं. यांना त्या तरुणाला पकडायला येणाऱ्या पोलिसाचं काम देऊ केलं. त्यांनी ते घेतलं, कारण घरात नुकती मुलगी झाली होती.

"तो माझ्यासमोर उभा राहून माझी वाक्यं म्हणत होता," ते मला म्हणाले. "वाईट म्हणत होता. आणि मी त्याला बेड्या घालत होतो."

त्यानंतर हॉलिवूडमध्ये शेरीफ, डिटेक्टिव्ह, पहिल्या अर्ध्या तासात मरणारा मित्र. दारू वाढली, कामं कमी झाली. एका नाटकाबरोबर ते लंडनला आले, थोड्याच दिवसांसाठी. कपडेपटातल्या बाईने त्यांच्या कोटाची बाही उसवून पुन्हा लावली, आणि ते राहिले. कॅलिफोर्नियात पहिली बायको आणि शाळेत जाणारी मुलगी होती. मी परत जाणार होतो, ते म्हणत. रोज जाणार होतो.

इथे त्यांचं बरं चाललं. ब्रिटिश मालिकेत अमेरिकन लागला की यांना बोलावणं यायचं. राजदूत, जनरल, तेलकंपनीचा मालक. मग इथल्याच तरुण नटांना अमेरिकन बोली उत्तम जमायला लागली. एका ऑडिशनमध्ये एका पोरगेल्या माणसाने यांना सांगितलं होतं, की तुमचा अ‍ॅक्सेंट तितकासा खरा वाटत नाही. हे सांगताना ते हसले नाहीत. मला हसू आलं होतं, ते मी कॉफीबरोबर गिळलं.

अशात त्यांना लीड्सच्या एका थिएटरमधून मोठं काम आलं. नवं नाटक, निवृत्त अमेरिकन न्यायाधीश, अख्खं नाटक त्याच्याभोवती. वाक्यं ऐकायला कुणीतरी हवं होतं. मी नागपूरला कॉलेजात असताना एकांकिकांना प्रॉम्प्टिंग करायचे. रंगमंचावर जायची भीती वाटायची, पण विंगेत बसून सगळ्यांची वाक्यं पाठ असायची. मी येते म्हटलं.

रोज दुपारी आम्ही त्यांच्या किचनमध्ये बसायचो. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात काल आलेलं आज जायला लागलं. वयामुळे असेल, मी स्वतःला समजावलं. मग एक दिवस माझी मुलगी बागेतून आत आली आणि म्हणाली, "मम्मा, आजोबा माझा नाव विसरला. दुसरीच नाव बोलतात." कुठलं नाव, मी विचारलं. तिने सांगितलं. ते त्यांच्या मुलीचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच पान पुन्हा पुन्हा वाचायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी ते पान पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे त्या एकाच विनोदावर हसले. मी स्क्रिप्ट मिटली.

"तुम्हाला येत नाहीये," मी म्हटलं. "आणि हे नेहमीचं विसरणं नाही."

ते उठले, किटली बंद केली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"डॉक्टरला माहीत आहे," ते म्हणाले. "आता तुलाही माहीत आहे. मला मात्र अजून थोडे दिवस ते माहीत नको."

थोड्या वेळाने त्यांनी माझ्यासमोरच नाटकाच्या दिग्दर्शिकेला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. शब्द सापडत नाहीत तिथे थांबत, पण काहीही न लपवता. ते काम काढून घेतील अशी त्यांची खात्री होती. तिने काढून घेतलं नाही. तिने आधीही एका वयस्क नटाबरोबर कानातलं यंत्र वापरलं होतं. विंगेत बसून कुणीतरी वाक्यं सांगायची, ती फक्त त्यांनाच ऐकू येतात. कोण सांगणार, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं, फोनवर ते दिसत नाही हे विसरून.

सासूबाई तेव्हा नागपूरहून आल्या होत्या. मुलीला मी बघते, तू जा, म्हणाल्या. नवऱ्याला ते विचित्र वाटलं. "अगं, तुला नोकरी शोधायची आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, ही मिळाली आहे की.

लीड्सला स्टेजच्या बाजूला सामानाच्या एका अरुंद खोलीत मला बसवलं. समोर मायक्रोफोन, स्टेज दाखवणारा एक छोटा स्क्रीन, स्क्रिप्ट. आमचं ठरलं होतं, की त्यांनी डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला तरच मी बोलायचं. पहिले काही दिवस ते अंगठा क्वचित घासत. मग जास्त. मग मी वाट पाहणं सोडून दिलं आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या आधी अर्ध्या श्वासाने, हळू आवाजात, कसलाही भाव न घालता म्हणू लागले. भाव ते घालत. माझ्या कोऱ्या आवाजातलं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडताना असं काही होऊन यायचं, की मला स्क्रीनकडे बघत राहावंसं वाटे आणि पुढचं सांगायला उशीर होई. समीक्षकांनी त्यांच्या लांब विरामांचं फार कौतुक केलं. ते विराम म्हणजे त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचायला लागणारा वेळ होता. दिग्दर्शिकेने ते परीक्षण त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते तिला पुन्हा वाचायला लावलं.

एका दुपारच्या प्रयोगाची गोष्ट. दुसरा अंक, न्यायाधीश आणि त्याची मोठी मुलगी, दोघंच. मी वाक्य दिलं. ते बोलले नाहीत. मी पुन्हा दिलं. त्यांनी मान तिरकी केली, जसं कुणी शेजारच्या घरातलं भांडण ऐकतं तसं. मग त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि समोरच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, नीट ठेवलं.

आणि ते बोलायला लागले. आवाज वेगळा होता, वर गेलेला, कोवळा. पाठ सरळ झाली. ते तुरुंगातून सुटलेल्या मुलाचं भाषण म्हणत होते, आईच्या दारात उभं राहून म्हटलेलं. न अडखळता, एक शब्द न चुकता, टेबलाला वळसा घालून, समोरच्या मुलीला आई समजून. ते माझ्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हतं. मी मायक्रोफोनसमोर बसून होते आणि माझ्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या नटीची कमाल म्हणायची. ती उठली, त्यांचे हात हातात घेतले आणि फक्त ऐकत राहिली. त्यांचं संपल्यावर "चल, आत चल," एवढं म्हणून त्यांना विंगेत घेऊन आली. पडदा खाली आला. प्रेक्षकांना वाटलं अंक असाच संपतो. टाळ्या थांबेनात. त्या आम्हाला पडद्यामागे ऐकू येत होत्या आणि ते माझ्यासमोर उभे राहून विचारत होते, "हे कुठलं गाव?"

"लीड्स," मी म्हटलं.

"मग परत कधी जायचं?"

उरलेलं नाटक राखीव नटाने हातात स्क्रिप्ट धरून केलं. त्यानंतर ते स्टेजवर गेले नाहीत. मी त्यांना ट्रेनने घरी आणलं. वाटेत ते खिडकीबाहेर बघत बसले होते, आणि लंडन जवळ आल्यावर म्हणाले, की आज प्रयोग चांगला झाला. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

पुढचं सगळं लवकर झालं. त्यांनी गॅस चालू ठेवला, मग एकदा अनवाणी हायस्ट्रीटवर सापडले, मग कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसची माणसं आली. वॉटफर्डच्या एका केअर होममध्ये त्यांना खोली मिळाली. सुरुवातीला ती त्यांना दौऱ्यावरची ड्रेसिंग रूम वाटायची, आणि स्टेजवर यायचा कॉल आला का, एवढंच ते विचारायचे. मग तेही थांबलं. मी त्यांच्या शेजारी बसून नाटकातली वाक्यं म्हणून पाहिली, न्यायाधीशाची. चेहऱ्यावर काही हललं नाही. एकदा जेवण भरवणाऱ्या मुलीला त्यांनी जोरात मारलं. तिचा ओठ फुटला. ती फिलिपिन्सची होती. मी माफी मागितली तेव्हा तिने माझी समजूत काढली.

त्यांच्या मुलीला केअर होमने कळवलं. ती कॅलिफोर्नियाहून आली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, त्यांच्यासारखाच जबडा. दारात ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं ती परत जाणार. ते खुर्चीत होते. तिला पाहून ते प्रयत्नाने उभे राहिले, पाठ फिरवली आणि दोन्ही हात मागे केले. तिला कळेना. मला कळलं. कपडेपटातलं कुणी आलं आहे असं त्यांना वाटत होतं आणि ते कोट घालायची वाट बघत होते.

"कोट," मी तिला हळूच म्हटलं.

दारामागे त्यांचा ओव्हरकोट टांगलेला होता. तिने तो आणला, एक बाही घातली, दुसरी घातली, खांद्यांवर सारखा केला. त्यांनी मागे न बघता मान झुकवली, आभार मानल्यासारखी. तिने कॉलर नीट केली आणि मग तोंडावर हात दाबून बाहेर कॉरिडॉरमध्ये निघून गेली.

त्याच थंडीत न्यूमोनिया झाला आणि ते गेले. क्रिमेटोरियममध्ये आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यांची मुलगी, दिग्दर्शिका, लीड्सची ती नटी, दोन म्हातारे नट, ज्यांतल्या एकाला कुणाचा अंत्यविधी आहे हे नीट माहीत नव्हतं, आणि आम्ही. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर हात जोडले. भाषण कुणी करायचं हे ठरलंच नव्हतं. पाद्र्याने नाव दोनदा चुकीचं उच्चारलं.

घर आवरायला त्यांची मुलगी काही दिवस शेजारीच राहिली. एका दुपारी आमच्याकडे जेवायला आली. वरणभात तिने आवडीने खाल्ला. मग विचारलं, ते इथे कसे होते. मी सांगत गेले. बिन ओढणारा राजदूत, पट्ट्याचा मार, अ‍ॅक्सेंट, पोलिसाचं काम, रोज परत जायचं म्हणणं, टेबलावर काढून ठेवलेलं यंत्र. ती चमचा ताटात ठेवून ऐकत होती.

"तुम्ही सांगता तो माणूस मला आवडला असता," शेवटी ती म्हणाली. "मला तो भेटला नाही."

मी तिला अजून थोडं वरण वाढलं. ती नको म्हणाली नाही, पण खाल्लंही नाही. दोन दिवसांनी ती विमानाने गेली. घर विकायला काढलं आणि उन्हाळ्यापर्यंत तिथे एक तरुण जोडपं राहायला आलं.

दिग्दर्शिकेचा मला एकदा फोन आला होता. एका वयस्क नटीसाठी तसंच काम होतं, पुन्हा लीड्सलाच. मी नाही म्हटलं. नवऱ्याने विचारलं, का गं, तुला आवडायचं की ते. मी त्याला सांगितलं की माझी नोकरीची मुलाखत आहे. ती होतीच, आणि पुढच्या महिन्यात मला ती नोकरी मिळाली.