कुत्र्याकडे न बघणाऱ्या बाई

पांजरपोळातून आणलेल्या कुत्र्याला मी दारातच ओवाळलं आणि रीतीप्रमाणे भाकरतुकडा त्याच्यावरून उतरवून रस्त्यावर फेकला. आपली भाकरी भिरकावली गेलेली त्या उपाशी जिवानं पाहिली आणि तो जो कॉटखाली शिरला, तो बाहेरच येईना. मी पालथा पडून दूध दाखवलं. ओझरच्या कारखान्याचा भोंगा वाजावा तशी शीळ घातली. बायको म्हणाली, "दिवेलागणीपर्यंत जेवला नाही, तर परत सोडून या."

तेवढ्यात समोरच्या बाई आल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आमच्या नाशिकच्या कॉलनीत कुणाकडे नवं जनावर आलं, की शाळा सुटल्यावर या मास्तरीणबाई आपलं काम घेऊन तिथं जाऊन बसत. त्या दिवशी मटार होते. भाकरीचा तुकडा मागे ठेवून, कॉटकडे पाठ करून त्या जमिनीवर बसल्या आणि सोलता सोलता बायकोशी बोलत राहिल्या. शाळेतला नळ, सासूचे गुडघे, सगळं एकाच संथ सुरात, आणि दर वाक्यामागे एक "होईल हो."

मटार संपत आले तेव्हा तो बाहेर आला, भाकरी खाल्ली आणि त्यांच्या पाठीला टेकून बसला. बाईंनी मान वळवली नाही. तसा सूर नंतर मी कुठल्याच घरात ऐकला नाही, माझ्या तर नाहीच.

मी मात्र "शाब्बास रे" म्हणत धावलो. कुत्रा पुन्हा कॉटखाली.

बाईंनी सालं गोळा केली. "तो रुळेल हो," त्या बायकोला म्हणाल्या. "यांना तेवढं चार दिवस बाहेर झोपवा."