तिसरा पुरावा

मी सामाजिक शास्त्रांचा मास्तर. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, तिन्ही माझ्याच गळ्यात. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात उभी हयात काढली, आणि त्यातली पहिली काही वर्षं, खोटं कशाला बोलू, पोरांकडून पुस्तक पाठ करून घेण्याखेरीज मी काहीही केलं नाही. कारणे लिहा, टिपा लिहा, रिकाम्या जागा भरा. पोरं पास होत होती, मला कुणी काही विचारत नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एका मे महिन्यात मला पुण्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथं शिकवायला एक बाई होत्या. त्या उत्तरं द्यायच्याच नाहीत. आपण काही सांगितलं की शांतपणे म्हणायच्या, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" पहिले दोन दिवस मला त्यांचा असा संताप आला की पिशवी भरून परतीची गाडी धरावी. तिसऱ्या दिवशी कुठं डोक्यात उजेड पडला. धडा शिकवायचा नाही, धड्याच्या मुळाशी असलेली कल्पना शिकवायची. बदल, कारण, सत्ता, पुरावा. आणि तीही सांगायची नाही, पोरांनी प्रश्न विचारत विचारत ती हुडकायची.

परत आलो तो वारं प्यायलेल्या खोंडासारखा. नववीच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कशावरून?' आणि तो कोपरा कुणी पुसायचा नाही असं बजावलं. नियम एकच केला. तीन पुराव्यांशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. एकाकडून कळली ती ऐकीव गोष्ट. दोन ठिकाणी सापडली तर अंदाज. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून कळली तरच वहीत शाईनं लिहायची, तोवर पेन्सिल.

पोरं अशी पेटली म्हणता! आमची पेठ आधीची की तुमची, यावरून दोन टोळ्या झाल्या आणि दोन्ही टोळ्या म्हाताऱ्यांच्या मागं लागल्या. देवळांच्या पायऱ्यांवरची अक्षरं उतरवून आणली, घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणल्या. एका पोरानं तर आजोबांना तोंडावर सांगितलं, "आजोबा, तुम्ही एकटंच साधन हाय, तुमचं धरता येणार न्हाय." आजोबा काठी घेऊन शाळेत आले होते. शिक्षकांच्या खोलीत माझी टर उडायची. मी दारात दिसलो की कुणीतरी म्हणायचं, "या न्यायाधीश! चहात साखर हाय, पण कशावरून?" मी वरवर चिडायचो. आतून इतका खूश होतो की सांगता सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकवतोय असं वाटत होतं.

त्या वर्गात एक मुलगी होती. कोडोलीच्या अलीकडचं एक लहान गाव, तिथं शाळा सातवीपर्यंतच, म्हणून रोज एसटीनं यायची. वडिलांची गावात पिठाची गिरणी होती. पोरगी बोलायला फटकळ आणि विचारायला धीट. दहावी, बारावी, मग डी.एड. करून मास्तरीण व्हायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. "तुमच्यापेक्षा बरी शिकवीन की," असं मलाच सुनावलं होतं तिनं. मला ती फार आवडायची. पोटच्या पोरीसारखी म्हणणार नाही, तसं म्हणायचा हक्क मी पुढं गमावला.

दिवाळीनंतर प्रत्येकानं आपापला प्रश्न निवडून शोध घ्यायचा होता. तिनं प्रश्न निवडला, 'आमच्या गावातल्या मुली शाळा कधी सोडतात?' घरोघर फिरली, बायकांशी बोलली, आमच्या हायस्कुलाचं जुनं रजिस्टर बघितलं, आणि जानेवारीत ड्रॉइंग पेपरवर तक्ता करून आणला. बहुतेक मुली नववीची परीक्षा झाल्यावर, मेच्या सुट्टीत गळाल्या होत्या. जूनमध्ये शाळा उघडायची तेव्हा त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र असायचं. मी तक्ता वर्गात लावला, टाळ्या वाजवायला लावल्या. 'कारण' आणि 'परिणाम' हे मथळे लाल शाईनं लिही, असंही सांगितलं. हा प्रश्न हिनंच का निवडला असेल, हे मात्र मी कुणालाच विचारलं नाही. कशावरून, कशावरून करत गावभर ओरडणारा मी!

फेब्रुवारीत एक दिवस मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत आली. माझ्या टेबलापाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "सर, घरात माझं लगीन ठरवायलेत."

"कशावरून?" मी विचारलं. तोंडातून तेच आलं. सवयच लागली होती.

वडील आणि काका गिरणीच्या मागच्या बाजूला बोलत होते, ते तिनं ऐकलं होतं. मुलगा कुठल्याशा कारखान्यात कामाला आहे, मे महिन्यात उरकून टाकू, असं.

"तुझं नाव घेतलं त्यांनी?"

"न्हाय. पोरीचं म्हणाले."

"मग तुझ्या चुलत बहिणीचंही असेल की. ती मोठी आहे ना तुझ्यापेक्षा? एकाच साधनावर निष्कर्ष काढायचा असतो का गं?"

खोलीत दोघेतिघे हसले. त्यांना दाखवायलाच मी ते बोललो, आज कबूल करतो. ती हसली नाही. "बरं सर," म्हणाली आणि गेली.

मार्चमध्ये पुन्हा आली. दहावीत जाणाऱ्या पोरांचे मेच्या सुट्टीत जादा तास असायचे, त्यासाठी पालकांच्या सहीचा अर्ज घरी दिला होता. तिच्या वडिलांनी तो सही न करता परत दिला होता. तिनं अर्ज माझ्यापुढं धरला. सहीची जागा कोरी होती.

"सर, हे दुसरं झालं."

मी अर्ज उलटसुलट बघितला. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी तिला विचार करायला शिकवतोय. "हा अप्रत्यक्ष पुरावा," मी म्हणालो. "गिरणीच्या कामात विसरले असतील. एकदा नीट विचार त्यांना. अजून एक मिळू दे, मग मी बघतो."

मग मी बघतो. एवढे शब्द मी बोललो, आणि विसरून गेलो. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, पेपर काढायचे होते, शिवाय तिचा तक्ता जिल्ह्याच्या प्रदर्शनात घेतला होता, त्याची धावपळ होती.

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपली. मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. ती आली ती गणवेशात नव्हती, साध्या सलवार-कमीजमध्ये होती. पिशवीतून एक पाकीट काढून तिनं टेबलावर ठेवलं. चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेली लग्नाची पत्रिका. वर माझं नाव तिच्याच अक्षरात, सहकुटुंब सहपरिवार.

"तिसरं," ती म्हणाली.

टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं. गृहपाठ दाखवावा तशी उभी होती, मी काय शेरा देतो याची वाट बघत. मी "बस" म्हणालो, तर "एसटी चुकंल" म्हणाली आणि निघून गेली.

लग्न आठ दिवसांवर होतं. अठराच्या आत मुलीचं लग्न करता येत नाही, हा कायदा नागरिकशास्त्राच्या तासाला मीच शिकवत होतो, कलमासकट. मुख्याध्यापकांकडं गेलो. ते म्हणाले, "पत्रिका वाटल्यात त्यांनी. आता गावात जाऊन तमाशा करताय काय?" पोलिसांत जायचं धाडस मला झालं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही झालं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून तिच्या गावाला गेलो.

गिरणी चालू होती. वडील पांढऱ्या भुवयांनी बाहेर आले, भुवयांवर पीठ बसलेलं. मला बघून त्यांनी गिरणी बंद केली. हात धुतले, घरात नेलं, सतरंजी अंथरली. चिडके असतील, अंगावर येतील, अशी तयारी करून गेलो होतो मी. माणूस अगदी मऊ निघाला. मी शिक्षणाचं बोललो, कायद्याचं बोललो, पोरगी किती हुशार आहे ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली होती.

"सर, आता कसं वो?" ते म्हणाले. "आता मागं सरलो तर चार गावांत तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय. तुम्ही आधी यायला पायजे होतासा."

"मला उशिरा कळलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, नुसतं नवल होतं. "असं कसं? पोरगी तर मार्चापासनं सांगायली होती, सर येणार हाईत, सरांशी बोलल्याबिगर सुपारी फोडू नका. म्या म्हटलं, बरं. शिकलेला माणूस येतोय, काय म्हणतोय ते ऐकू, पटलं तर पुढं ढकलू एक-दोन वर्सं. लई घाई मलाबी नव्हती. माझा भाऊच मागं लागला होता. मार्चात दोन रविवार पावण्यांना काहीबाही सांगून थांबवलं. हिच्या आईनं दोन्ही रविवारी सकाळपासनं सैपाक करून ठेवला होता तुमच्यासाठनं. पोरगी एसटीच्या फाट्यावर जाऊन उभी ऱ्हायची."

त्यातल्या एका रविवारी मी कोल्हापुरात प्रदर्शनातल्या टेबलामागं उभा होतो. समोर तिचा तक्ता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं की मुलं कुठल्या कुठं जातात.

ती चहा घेऊन आली. कप ठेवले, आणि आत न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघावं असं मला वाटत होतं आणि बघू नये असंही.

"दुसऱ्या रविवारी म्या तिला इचारलं," वडील म्हणाले, "का येईनात तुझं सर? तर म्हणली, सर पुरावा बघायलेत." मग खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखे जरा पुढं वाकून म्हणाले, "कसला पुरावा पायजे होता वो, सर?"