आषाढातलं खानदानी तोंड

आमच्या घराण्यात वारशाने दोनच गोष्टी मिळतात: मोठं नाक आणि आषाढातलं तोंड. नाक बारमाही. तोंड मात्र आषाढात उतरतं ते थेट नवरात्रात जागेवर येतं. आमच्या कुडपण गावचं धुकं इतकं दाट, की वडिलांनी एकदा म्हैस समजून धुक्याचीच धार काढली, आणि तांब्या भरला म्हणतात! पण त्याच वडिलांना आषाढात हसवून दाखवावं कोणी. चुलते तर भिंतीकडे तोंड करून निजायचे. भातलावणीला माणसं बाहेरून आणावी लागत. आत्या हे तोंड घेऊन सासरी गेली, तर तिकडे तिच्या मुलालाही ते फुटलं.

ढग घरात शिरतो, हे आमचं घरगुती निदान. पावसाळ्याआधी सगळं गाव पडवीला गवताची झड बांधतं, पाणी आत येऊ नये म्हणून. लोक एकपदरी बांधतात, आम्ही तीनपदरी, खिडक्यांनासुद्धा. भर दुपारी आमचं मांजर उंदराला हाका मारून शोधायचं.

गेल्या आषाढात हे तोंड माझ्या मुलीला आलं. महाडला खोली घेऊन कॉलेज करणारी, तोंडाळ पोर. शनिवारी घरी आली ती परत गेलीच नाही. जेवेना, उठेना. एक दिवस म्हणाली, "बाबा, कॉलेज सोडते मी. नाय जमत."

मी तडक चौथा पदर बांधायला घेतला. बायकोने सुंभ हिसकावला. "पोरीला आधी महाडला दाखवा. झड काय डाक्टर हाय?"

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं असं?"

"कोणाला होत नाही ते विचारा, लवकर आटपेल."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा कल रक्तातून येऊ शकतो. सगळ्यांनाच येतो असं नाही, पण उजेड कमी झाला की डोकं वर काढतो. उपाय आहे. गोळ्या दिल्या. "आणि सकाळी उजेडात बसवा. घरात उजेड येतो ना?"

बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की बाईंना उत्तर मिळालं.

घरी येऊन मी सगळ्या झडी ओरबाडून काढल्या. पाऊस थेट चुलीपर्यंत आला. शेजारी ओरडला, "काय रे, घर विकायला काढलंस?"

"नाय, धुवायला!"

पोर लगेच बरी झाली म्हटलं तर ती थाप होईल, आणि थापा मी फक्त धुक्याबद्दल मारतो. पण रोज सकाळी घोंगडी पांघरून ती पडवीत बसायची, मी शेजारी. हळूहळू जेवू लागली. एका सकाळी माझ्याकडे टक लावून म्हणाली, "बाबा, आषाढात तुमच्या थापा दुप्पट होतात. का हो?"

"मला काय धाड भरलीय?"

"माझं नाक कोणाचं आलंय?"

मी हाताने नाक झाकलं. श्रावणात ती कॉलेजला निघाली. पोलादपूरच्या स्टँडवर पोचवायला म्हणून गेलो, तर तिने मलाही एसटीत चढवलं आणि कंडक्टरला म्हणाली, "दोन महाड. आधी दवाखाना, मग कॉलेज."