मी बुडवलेली होडी

आमच्या दुकानात, रंधे टांगायच्या खुंट्यांच्या वर, एक रंगीत चित्र खिळ्यांनी ठोकलेलं होतं. विलायती मासिकातलं पान. निळं पाणी, पांढऱ्या शिडाची होडी, मागे सुकाणू धरून बसलेला साहेब, मधे छत्री घेतलेली मडम आणि पुढच्या टोकावर कान टवकारून उभा असलेला त्यांचा कुत्रा. देवळालीच्या एका लष्करी साहेबाला यजमानांनी कपाट करून दिलं, तेव्हा त्याच्या रद्दीत ते सापडलं. बंगल्यावरच्या खानसाम्याने सांगितलं की हा भूमध्य समुद्र, आणि ही गोरी जोडपी उन्हाळाभर अशीच काठाकाठाने हिंडतात, आज या गावी तर उद्या त्या. यजमानांनी ते नीट ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "आपणही जाऊ."

"कुठे?" मी विचारलं.

"तुझ्या माहेरी."

ऐकणाऱ्याला यात थट्टा वाटेल. मला वाटली नाही, कारण तीन वर्षं यजमानांनी माझ्या माहेरच्या घाटावर पाय ठेवला नव्हता.

माझे वडील, आबा, गोदाकाठचे नावाडी. नाशकाहून पाण्याच्या वाटेने दोन दिवसांवर, सायखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. गाव नदीच्या पलीकडच्या तीरावर, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आबांच्या नावेतून जाणार. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई म्हणून हे नावेत बसले. सुताराची नजर ती. भर नदीत, दहा-बारा उतारूंच्या देखत, वाकून फळीला अंगठा लावला आणि म्हणाले, "मामा, या दोन फळ्या कुजल्यात."

खरं तेच बोलले होते. पण नावाड्याला त्याच्याच नावेत, त्याच्याच उतारूंसमोर असं सांगणं म्हणजे पुजाऱ्याला भर देवळात तुझा देव खोटा म्हणण्यासारखं. आबांनी बांबू रोवून नाव थांबवली. म्हणाले, "जावई, तुमी खाटा-कपाटं करता. ती कोरड्यात उभी ऱ्हात्यात. पान्यावर टिकंल असं काय तरी करून आना, मग माझ्या नावंला बोट लावा. तवर या नावंत पाय ठिवू नका."

ते शब्द यजमानांच्या जिव्हारी लागले. तेव्हापासून दर दिवाळीला हे मला बैलगाडीने अलीकडच्या तीरापर्यंत सोडत आणि तिथूनच गाडी वळवत. मी पलीकडे आईच्या हातचं जेवायची आणि दर घासाला मला आठवायचं की माझा माणूस या वेळी कुठल्या तरी झाडाखाली भाकरी सोडून बसला असेल. एका पंगतीत नवरा आणि बाप, एवढंच मला हवं होतं. दोघांपैकी एकालाही ते बोलून दाखवायची सोय नव्हती. दोघेही सारखेच हट्टी, आणि खरं सांगायचं तर मलाही दोघांच्या हट्टाचा आतून अभिमानच होता.

तर होडी सुरू झाली. लाकूड आणायला यजमान हरसूलच्या बाजाराला गेले. साग मिळाला, आणि सागाच्या गाडीमागे चालत एक पिवळं पिल्लूही नाशकात आलं. दोनदा हाकललं, दोनदा परत आलं. त्याला नाव असं ठेवलंच नाही. 'यू यू' म्हटलं की यायचं, तेवढं पुरे होतं. यजमान म्हणाले, "चित्रात कुत्रा आहेच. तोही आयता मिळाला."

दिवसा गिऱ्हाइकांची कामं आणि सकाळी उजाडल्यापासून न्याहारीपर्यंत होडी, असं सगळं वर्ष चाललं. पंचवटीतले लोक दुकानापुढे थांबून विचारायचे, ही झोपायची की बसायची? यजमान हसत आणि रंधा मारत राहत. शीड शिवलं शेजारच्या चाचांनी. ते छावणीचे तंबू शिवायचे. जाड कापडाला दुहेरी टीप घालत ते म्हणाले, "बेटी, हे फाटलं तर माझं नाव बदल." शेवटी यजमानांनी होडीला कपाटासारखं पॉलिश केलं, आतून-बाहेरून, सात हात. तोंड दिसायचं तिच्यात. मी कुंकू लावून पाहिलं आहे.

तिथेच मला आबांची रीत आठवली.

आबांकडे नवी नाव आली की ती आधी बुडवायची असते. दगड भरायचे, पाणी भरायचं आणि काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात आठ दिवस तळाशी बसवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळी फळीला घट्ट बसते. मग ती वर काढायची. न बुडवलेल्या नावेत आबा जनावरसुद्धा चढवत नसत. मी हे यजमानांना सांगितलं.

"माझ्या सांध्यातून मुंगी जात नाही," ते म्हणाले, "पाणी काय जाणार?"

"मुंगी पाण्यासारखी दिवसभर ढकलत नाही," मी म्हटलं.

"सात हात पॉलिश केलंय. ते बुडवू?"

विषय संपला. होडी बैलगाडीवर घालून तपोवनाच्या खाली, काठचे खडक संपतात तिथे नेली आणि एका मळ्याच्या कडेला करंजाच्या झाडाखाली पालथी घातली. नेमकं त्याच वेळी मनमाडहून बोलावणं आलं. रेल्वेच्या कुठल्याशा अधिकाऱ्याच्या बंगल्याची दारं करायची होती. नऊ दिवसांचं काम. यजमान हत्यारांची पेटी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी होडी बुडवली.

सोपं नव्हतं ते. मळेवालीच्या मदतीने ती उलथून पाण्यात ओढली, दोर करंजाला बांधला, घागरीने पाणी भरलं, काठावरचे दगड एकेक करून आत ठेवले. ती सहजी बुडत नव्हती. चांगल्या हाताची होती ना. शेवटचा दगड ठेवला तेव्हा कडा पाण्याखाली गेली आणि बुडबुडे काढत ती बसली. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून रडले. एका माणसाची वर्षभराची पहाट मी माझ्या हाताने पाण्याखाली घातली होती. आबांचं म्हणणं चुकीचं निघालं असतं, लाकूड वाकडंतिकडं झालं असतं, तर माझ्या संसारात त्या होडीचं भोक कायमचं राहिलं असतं. मला पोहता येत होतं, नाव येत होती, पण सागाचं मी काय जाणत होते? कुत्रा काठावर बसून त्या जागेकडे बघत भुंकत होता. रोज मी त्याला तिथे घेऊन जायची, आणि रोज तो भुंकायचा.

यजमान नवव्या दिवशी आले ते स्टेशनवरून घरी न येता थेट नदीवर. मी तिथेच होते. त्यांना दिसलं ते असं: झाड रिकामं, कुत्रा काठावर आणि झाडाचा दोर सरळ पाण्यात गेलेला. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि पेटीवरच बसले. तिथूनच म्हणाले, "का?"

"आबा असंच करतात."

"मी आबांचा मुलगा नाही."

"म्हणून तर केलं," मी म्हटलं. "मुलगा असता तर बुडालेला चालला असता त्यांना. जावई बुडाला तर गाव वर्षभर हसेल."

होडी वर काढली. पॉलिशची पांढरी सालं निघाली होती, कोड आल्यासारखी. यजमानांनी तिच्यावरून हात फिरवला आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाणी दे, मीठ दे, हेसुद्धा कुत्र्याला उद्देशून सांगायचे. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही ती रिकामी पाण्यावर सोडली आणि दुपारपर्यंत तशीच ठेवली. मग यजमान आत उतरले, डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि त्या टोपीनेच होडीचा तळ पुसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांध्यासांध्यातून. टोपी वर धरून पाहिली. कोरडी होती. त्यांनी ती पुन्हा डोक्यावर घातली आणि मला विचारलं, "निघायचं कधी?"

तीन दिवसांच्या अबोल्याची माफी त्यांनी तेवढ्यातच मागितली. मला ती पुरली.

पावसाचं पाणी ओसरून नदी निवळली होती, दिवाळीला चार दिवस उरले होते. बरोबर भाकऱ्या, ठेचा, करंज्यांचा डबा, एक घोंगडी आणि चित्रातल्यासारखा पुढच्या टोकावर कुत्रा. यजमान सुकाणू धरून मागे बसले, कारण चित्रात साहेब तिथे बसला होता. मला मधे बसवलं. छत्रीही आणली होती. मी ती उघडली नाही.

अर्ध्या तासात आम्ही खडकावर चढलो. साहेबाला समुद्रात खडक दिसत असतील, आमच्या नदीत ते पाण्याखाली लपून असतात, आणि ते कुठे आहेत हे पाण्याच्या सुरकुत्यांवरून ओळखायचं असतं. यजमान उतरले, छातीइतक्या पाण्यात उभे राहून होडी ढकलू लागले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या नवऱ्याला पोहता येत नव्हतं. ते सगळ्या नाशकात फक्त मला माहीत होतं. वर्षभर होडी करताना, लोकांची थट्टा ऐकताना, निघताना, एकदाही त्यांनी तो शब्द काढला नव्हता. ज्याला पाण्याची भीती वाटते त्याने माझ्या बापासाठी होडी केली होती. आजही हे लिहिताना माझी मान ताठ होते.

ते वर चढले आणि ओल्या धोतराने मधे, माझ्या जागेवर जाऊन बसले. "तू धर," म्हणाले.

लहानपणी दुपारच्या वेळी उतारू नसले की आबा मला रिकामी नाव चालवू देत. बारावं लागलं तशी आईने ते बंद केलं. इतक्या वर्षांनी हातात सुकाणू आलं, आणि हात काही विसरला नव्हता. मी पाणी वाचत गेले आणि यजमान मी सांगेन तिकडे वल्हं मारत गेले. उथळ आलं की दोघांनी उतरून ओढायची, खोल आलं की बसायचं. म्हशी डुंबताना दिसल्या की कुत्रा उडी टाकायचा आणि मग अर्धा कोस काठाने धावत येऊन केविलवाणा उभा राहायचा. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. एकीने ओरडून विचारलं, "कंच्या गावाला?" यजमान मोठ्याने म्हणाले, "सासुरवाडीला." काठावर हशा पिकला. त्यात कुचेष्टा नव्हती.

रात्री ओढा गावी ओळखीच्या सुताराकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी दारणा नदी येऊन मिळते तिथे पाणी आडवं ढकलत होतं. मी होडी तिरकी धरली, यजमानांनी डोळे मिटून वल्हं मारलं, आणि आम्ही पार झालो. त्यानंतर वारा मागून लागला आणि चाचांचं शीड प्रवासात पहिल्यांदाच फुगलं. तसेच, शीड भरलेलं, आम्ही माझ्या गावच्या घाटासमोर आलो.

दिवाळीचा बाजार करून परतलेली माणसं अलीकडच्या तीरावर नावेसाठी थांबली होती. सुकाणू माझ्या हातात, पदर डोक्यावर, पुढे कुत्रा भुंकतोय आणि मधे माझा नवरा ताठ बसलेला. मी होडी आबांच्या नावेशेजारी लावली, धक्का न देता. हे मुद्दाम सांगते, कारण घाटावर ते कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण आबांच्या आलं होतं.

आबा बांबू टेकवून उभे होते. ते खाली आले. जावयाकडे न बघता होडीभोवती पाण्यातून फिरले. वाकले, बोटाच्या पेरांनी फळ्या वाजवल्या. सांध्यावरून अंगठा ओढला आणि अंगठा पाहिला.

मग त्यांनी यजमानांना विचारलं, "बुडवली व्हती?"

"हो," म्हणून मोकळं होता आलं असतं. यजमान म्हणाले, "मी तयार नव्हतो, मामा. हिनं बुडवली, मी नसताना. म्हणून कोरडी आली."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. बांबू काठाच्या चिखलात रोवला, नाव दोराने बांधली आणि थांबलेल्या माणसांना म्हणाले, "थांबा वाईच." आणि ते आमच्या होडीत चढले. मागे माझ्याकडे आले नाहीत, वल्ह्याला हात लावला नाही. मधल्या फळीवर जावयाशेजारी, मांडीवर हात ठेवून, उतारू बसतात तसे बसले. त्या नदीवर जन्म गेलेल्या माझ्या बापाला दुसऱ्या कुणाच्या हाताने पार होताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"ने पल्याड," ते म्हणाले.

मी नेलं. भर नदीत, बरोबर त्याच जागी जिथे चार वर्षांपूर्वी नाव थांबली होती, आबा पाण्याकडे बघत बोलले. "जावई, माझ्या नावंच्या दोन फळ्या कुजल्यात. जेवान झालं की बघा वाईच."

"बघतो, मामा," यजमान म्हणाले.

पलीकडे आई घाटाच्या पायरीवर उभी होती. तिने आम्हाला येताना पाहिलं आणि काही न विचारता घराकडे वळली, दोन ताटं जास्त मांडायला.