सोबतीचा रकाना

मावशी कायमच्या भारतात परत निघाल्या, तेव्हा जो तो आपलं शहाणपण पाजळू लागला. कुणी म्हणालं, थंडी सोसत नाही. कुणी म्हणालं, काका गेल्यापासून घर खायला उठतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत कपडे दुरुस्त केले. इथल्या आपल्या माणसांपैकी ज्याच्या कपड्यावर त्यांच्या हाताची टीप नाही असा कुणी सापडायचा नाही. माप घेताना दटावायच्या, "पोट आत ओढू नकोस. पुढच्या महिन्यात परत येशील."

मग डोळ्यात मोतीबिंदू झाला. सुईत दोरा ओवेना. ऑपरेशन अर्ध्या तासाचं, त्याच दिवशी घरी सोडणार. पण न्यायला माणूस हवा, हा दवाखान्याचा नियम. फॉर्मवर त्याच्या नावाचा रकानाच होता.

"सकाळचंच काम आहे गं. येशील?" त्यांनी मला विचारलं.

"ड्यूटी आहे, मावशी. सुट्टी मिळायची नाही."

मी सुट्टी मागितलीच नव्हती. एवढी माणसं ओळखतात, जाईल कुणीतरी, असं वाटलं. आणखी तिघांनाही त्यांनी विचारलं होतं. त्यांनाही तसंच वाटलं.

त्या एकट्याच गेल्या. डोळा चुकू नये म्हणून नर्सने उजव्या भुवईवर पेनाने बाण काढला आणि मग विचारलं, बाहेर कोण थांबलंय? टॅक्सीने जाईन, म्हणाल्या. नर्सने गोड शब्दांत, ऑपरेशन न करताच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी माझा कोट न्यायला गेले, तर भुवईवर बाण तसाच होता. त्याच आठवड्यात त्यांनी तिकीट काढलं.

बॅग भरताना म्हणाल्या, "धाकटी बहीण म्हणते, तू फक्त ये. आम्ही सगळे दवाखान्यात ठाण मांडून बसतो, डॉक्टरने हाकललं तरी उठत नाही." हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणी विचारलं तर थंडीचंच सांग. उगाच कुणाच्या मनाला लागायला नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या बाहीचं लोंबणारं बटण चाचपलं.

"सुई ओवून दे."

मी ओवून दिली. त्यांनी अंदाजाने चार टाके घातले. बटण वाकडं बसलं.

त्यांना विमानतळावर सोडायला मी गेले. त्यासाठी एका दिवसाची सुट्टी मागितली. साहेबांनी मान वर न करताच सही केली.